भावाकडे एकट्याने

वाढदिवसाच्या दिवशी थांगांच्या घरात पहिलं भांडण झालं ते एका रिकाम्या वाटीवरून.

"जिवंत माणसासाठी रिकामी वाटी मांडून ठेवत नाहीत, आई," थोरली सून जिनफन म्हणाली. "गेलेल्यांसाठी ठेवतात तसं दिसतं ते."

"गेलेल्यांसाठी वाट्या मांडणारे लोक वेगळे. आपण ख्रिस्ती."

"आपण ख्रिस्ती आहोत हो, पण दारावरून जाणारे शेजारी आहेत का?"

"मांड," आई म्हणाली. "जेवायच्या काड्यापण ठेव."

जिनफनने वाटी ठेवली, पण इतकी आपटून की गोल टेबलावरच्या बाकीच्या वाट्याही किणकिणल्या. वाटी होती धाकट्या मुलाची, बाओलोची. तो जिवंत होता, धडधाकट होता आणि गल्ली ओलांडली की समोरच्याच घरात राहत होता. खाली त्याचं बुटांचं दुकान, वर घर. फक्त या टेबलाशी तो तीन वर्षांत बसला नव्हता.

आईचं हे एकोणऐंशीवं वर्ष. चीनमधल्या वेन्चौच्या या भागात ऐंशीवा साजरा करत नाहीत. आधल्या वर्षीच उरकून घेतात, म्हणजे वयाला दृष्ट लागत नाही. ही समजूत कुठून आली ते चर्चच्या मंडळीत कोणी विचारत नसे आणि प्रत्येक घर ती पाळत असे. नातवंडं संध्याकाळी शहरातून यायची होती. दुपारचं जेवण मोठ्या माणसांचं, आणि त्यासाठी आईने फक्त एक मागणं मागितलं होतं: दोन्ही मुलगे एका टेबलाशी.

मागण्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी थोरल्या तशंगने, जो मंडळीतला ज्येष्ठ होता, भर प्रार्थनेत आपल्या सख्ख्या भावाचं नाव वाचलं. दुकानात धनदेवतेची मूर्ती ठेवली आहे, ती काढेपर्यंत प्रभुभोजनाला बसता येणार नाही. बाओलो तेव्हा आईच्या शेजारीच बसला होता. तो उठला, आईची छत्री तिच्या हातात दिली आणि चालता झाला. त्या दिवसापासून प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक आईपुढे आलं की ती ते पुढच्या बाईकडे सरकवायची. भाऊ भावावर रुसलेला असताना वेदीकडे जायचं नाही, आधी समेट करायचा, असं प्रभूने सांगितलंय. मग त्या दोघांची आई कशी जाणार, एवढंच तिने एकदा म्हटलं होतं. पुन्हा तो विषय काढला नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि मंगळवारी शहरात तिच्या पोटाचं ऑपरेशन. डॉक्टर वयाबद्दल जे बोलले ते घरात सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कोणीच उच्चारत नव्हतं.

आणि या सगळ्याच्या मध्ये होती चुनयान.

चुनयानचा जन्मच मुळी दोघांच्या मध्ये झाला होता: तशंगच्या पाठची, बाओलोच्या आधीची. दिली होती दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माहेर कधी सुटलंच नाही. थांगांच्या घरात कोणाला कोणाला काही टोचणारं सांगायचं असलं की चुनयानला पाठवायचे. तिच्या हातात काहीतरी खायचं असायचं आणि तोंडात निरोप. निघताना निरोप कडू असला तरी पोचेपर्यंत त्यात साखर पडलेली असे. तिला यात खोटं वाटत नसे. मासा साफ न करता कोणी ताटात वाढतं का?

त्या सकाळीही ती बाओलोच्या दुकानात गेली होती. बुटांच्या खोक्यांच्या भिंती, गोंदाचा वास, आणि काउंटरच्या बरोब्बर मध्यावर तो सोनेरी धनदेव, दोन्ही बाजूंना लाल बल्ब लावलेला.

"दादा म्हणाला, बाओलो नसेल तर शेवया घशाखाली उतरणार नाहीत," तिने सांगितलं.

तशंग असलं काही म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, आईने सांगितलंय म्हणून सांग, यायचं तर येऊ दे.

बाओलो एका बुटात कागदाचा बोळा कोंबत होता. तो हसला. "दादा असं बोलला? आपला दादा?"

"म्हणजे... अगदी याच शब्दांत नाही."

"ताई, आयुष्यभर तू मला दादाचे निरोप आणतेस. त्यातला एकही मला दादाच्या तोंडचा वाटत नाही."

"अरे, आईसाठी तरी..."

"आईला मी रोज भेटतो. ऑपरेशनला मीच गाडी काढणार आहे. पण ज्याने मला उठवलं त्याने बोलवायला हवं की नको?" त्याने दुसरा बूट घेतला. "शूनिंगला पाठवतो. आईचा खेकडा काल रात्रीच मुरत घातलाय."

चुनयान परतली. विचारलं तेव्हा तिने घरी सांगितलं, "बघतो म्हणालाय."

दुपारी शूनिंग आली, दोन्ही हातांत खेकड्याचं ताट घेऊन. कच्चा, व्हिनेगरमध्ये मुरवलेला, नारिंगी अंड्यांनी भरलेला. बाओलोची ही बायको उत्तरेकडची, शांतुंगची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी गल्ली तिला बाहेरचीच समजत होती, कारण ती मनातलं बोलून टाकायची. सासरच्या माणसांनी हे एखाद्या शारीरिक व्यंगासारखं समजून घेतलं होतं.

"आई, शंभरी गाठा," ती म्हणाली. "ते आले नाहीत. डोकं दुखत नाहीये, मुद्दामच आले नाहीत."

"बस," आई म्हणाली.

तशंगने प्रार्थना म्हटली. ती लांब होती. पाहुणे म्हणून फान काका होते, मंडळीचे सगळ्यात जुने सेवक. त्यांनी मध्येच एकदा 'आमेन' म्हणून ती आटोपती घेण्याचा प्रयत्न केला. मग टेबलावरचं, पदार्थ मांडलेलं काचेचं चक्र फिरू लागलं. बदकाच्या जिभा, मासळीच्या गोळ्यांचं सूप, भाताच्या परतलेल्या शेवया. वाढदिवसाच्या लांब शेवया, न तोडता खाल्ल्या की आयुष्य वाढतं म्हणतात त्या, शेवटी यायच्या होत्या. रिकाम्या वाटीसमोरून प्रत्येक ताट जरा थांबल्यासारखं होऊन पुढे जात होतं आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलत होते.

"मोठे भाऊजी, एक विचारू का?" शूनिंग म्हणाली.

जिनफनने तत्परतेने तिच्या वाटीत बदकाची जीभ टाकली. "घे गं, गार होईल."

शूनिंगने ती खाल्ली, हाडूक काढून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही ह्यांचं नाव सगळ्यांपुढे वाचलंत. त्याआधी एकदा घरी येऊन का नाही सांगितलंत?"

असं तोंडावर विचारण्याची या घरात रीत नव्हती. चुनयानला वाटलं, आता दादा उठून जाईल आणि रविवारही गेला. पण तशंग उठला नाही. त्याच्या दृष्टीने हा एक प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर त्याच्याकडे चोख होतं.

"शास्त्राप्रमाणे सगळं केलंय मी," तो म्हणाला. "भाऊ चुकला तर आधी एकट्याने जायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घ्यायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. मी एकही पायरी गाळलेली नाही."

"एकटे कधी आलात?"

"चुनयानला पाठवलं होतं."

"म्हणजे एकट्या वन्सं आल्या."

"मग काय मी जायला हवं होतं?" तशंगचा आवाज जरा चढला. "थोरल्या भावाने दुकानात जाऊन धाकट्याची चूक त्याच्या तोंडावर काढायची आणि त्याच्या कामगारांनी ती ऐकायची? त्याची अब्रू राहिली असती का? त्याची अब्रू राखायला मी गेलो नाही!"

"आणि मग रविवारी सगळ्या गावासमोर..."

"ती तिसरी पायरी होती."

फान काकांनी मान डोलावली. त्यांच्या मते यात काही गैर नव्हतं. खरं तर चुनयानच्याही मते नव्हतं. या गावात शहाणा माणूस असंच करतो.

"बरं," शूनिंग म्हणाली आणि वळली. "मग वन्सं, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

सगळ्यांच्या नजरा चुनयानकडे आल्या. निरोप दिला, एवढं म्हटलं की सुटका होती. एवढंच काय, तिच्या जिभेवर एक छान वाक्यही तयार होतं, सगळ्यांना थोडंथोडं पुरेल असं. ते बोललं की दोन्ही घरांची दारं तिला उघडी राहणार होती, आजवर होती तशीच. आईने काड्या खाली ठेवल्या. नुसती बघत राहिली, आणि चुनयानला मंगळवार आठवला.

"मी बदकाची अंडी घेऊन गेले होते," ती म्हणाली.

"हो, अंडी आठवतात मला. मग?" शूनिंग म्हणाली.

"म्हटलं, दादाला तुझं दुकान फार आवडलं."

"मी असं म्हणालो नव्हतो," तशंग म्हणाला.

"माहीत आहे."

"मी म्हणालो होतो, त्याला सांग, देव एक हवा की दोन ते ठरव."

"हो."

"मग?"

"मग मी म्हटलं," चुनयानला आपला आवाज फार बारीक झाल्यासारखा वाटला, "म्हटलं, दादाला काउंटर जरा भरल्यासारखा वाटला."

शूनिंगने टेबलावर थाप मारली. "अगं बाई! म्हणून! दुसऱ्या दिवशी ह्यांनी काउंटरवरचा सगळा पसारा उचलला. कॅल्क्युलेटर, पावतीपुस्तकं, माशांची काचपेटी, सगळं आत. म्हणाले, दादा बोलला ते खरंय, मोकळं छान दिसतं. मूर्ती तेवढी राहिली मधोमध!"

तशंगचा चेहरा उतरला. "मी दुसऱ्या दिवशी तिथून गेलो होतो," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, मला खिजवायला केलंय. बाकी सगळं काढून तेवढीच ठेवली."

"तरी दुसरी पायरी होतीच," जिनफन नवऱ्याच्या मदतीला धावली. "फान काका गेले होते ना? आणखी एकाला घेऊन?"

"गेलो होतो," फान काका म्हणाले. "चांगला तासभर बसलो. चहा उत्तम होता."

"काय सांगितलंत त्यांना?" शूनिंगने विचारलं.

"आता लगेच तोंड उघडून सांगायचं का, पोरी? चहा पाजणाऱ्या माणसाला? मी मूर्तीकडे बघितलं आणि खोकलो."

"खोकलात."

"दोनदा. आणि दोन्ही वेळा मूर्तीकडेच बघून खोकलो. समजणाऱ्याला तेवढं पुरे होतं."

"ह्यांनी तुम्हाला लोकाट फळाच्या पाकाची बाटली दिली होती," शूनिंग म्हणाली. "घशासाठी."

"दिली होती," फान काका म्हणाले आणि जरा थांबून पुढे म्हणाले, "मला वाटलं, विषय बदलतोय."

आई हसली. तिचं हसणं कोणाला अपेक्षित नव्हतं.

"मूर्ती खटकतेय हे ह्यांना माहीतच नव्हतं," शूनिंग म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. "ग्वांगतुंगच्या एका गिऱ्हाइकाने दुकानाला भेट दिली म्हणून ठेवली होती. परत केली तर त्याला वाईट वाटेल म्हणून. 'बाओलो, ती मूर्ती काढ', एवढं एकाने म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली असती. नाव वाचलं तेव्हा ह्यांना पहिल्यांदा कळलं. घरी येऊन लाल बल्ब लावले. एक गेला तर स्वतः स्टुलावर चढून बदलतात. भक्ती म्हणाल तर नावाला नाही. नुसता राग."

तशंगने चुनयानकडे पाहिलं. "आणि तू मला येऊन सांगितलंस, तो विचार करतो म्हणालाय."

"हो."

"खरं काय म्हणाला होता?"

"म्हणाला, दादाला बदकाची अंडी आवडतात, अर्धी त्याला परत ने."

तशंगने ती अंडी खाल्ली होती. त्याला ते आठवत असावं, कारण त्याने आपली वाटी दूर सारली.

जिनफनला मात्र आता रागवायला माणूस सापडलं होतं. "तीन वर्षं! तीन वर्षं मी गल्लीत मान खाली घालून चालतेय, शूनिंग समोरून आली की भाजीवालीकडे वळतेय, आणि वन्सं, ह्यांनी नाव वाचलं त्याच दिवशी तुम्ही समजून चुकला असाल की..."

"तिला कोणी काही बोलायचं नाही," आई म्हणाली.

"आई, पण..."

"तिला पाठवणारे तुम्ही. तिला शिकवणारी मी. ह्यांचे वडील आणि मी अबोला धरला की हिच्याच तोंडून बोलायचो. सहा वर्षांची होती. मी म्हणायचे, जा, त्या गाढवाला सांग भात झालाय. ती जाऊन म्हणायची, बाबा, आई तुमच्यासाठी थांबलीय." आई चुनयानकडे बघत होती. "मला ठाऊक होतं ती काय सांगते ते. मला बरंच वाटायचं. स्वतः बोलायला नको."

चुनयानला रडू आलं. तिने ते सुपाच्या वाफेवर ढकललं. आपण उघडे पडलो याची लाज होती, आणि आईने सगळ्यांदेखत आपली बाजू घेतली याचं सुखही होतं. दोन्ही एकदमच दाटून आलं.

तशंगने तोंड पुसलं, खुर्ची मागे सारली आणि तो उठला.

"अहो, शेवया राहिल्यात," जिनफन म्हणाली. ज्येष्ठ माणूस जेवणातून उठला म्हणजे जेवण संपलं असाच अर्थ होतो, आणि ते मोडून गेलेलं तिला सोसवलं नसतं.

"येतो."

"मी येऊ का?" फान काका अर्धवट उठले. "साक्षीला?"

"नको, काका. तुम्ही जेवा."

जिन्यावर त्याची पावलं वाजली. घरातल्या सपाता त्याच्या पायांत तशाच होत्या. ज्या माणसाने कॉलरचं वरचं बटण लावल्याशिवाय कधी कचरासुद्धा बाहेर ठेवला नाही, तो सपातांवर गल्लीत उतरला. चुनयान खिडकीशी गेली. समोरच्या दुकानापाशी पोचून तशंग थबकला आणि काचेतले बूट बघू लागला, एखाद्या गिऱ्हाइकासारखा. काचेसमोरून दोनदा पुढे गेला, परत आला. दुकानातल्या दोन मुली बाहेर येऊन पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बाहेर जायला सांगितलं ते दिसलं नाही. मग तो आत शिरला. काचेवर ऊन होतं. चुनयानने तिरकं उभं राहून बघितलं तेव्हा दोन सावल्या दिसल्या, काउंटरच्या दोन बाजूंना.

"खिडकी लाव," आई म्हणाली.

"मी नुसतं बघतेय गं. ऐकू तर काहीच येत नाहीये."

"एकट्याने म्हणजे एकट्याने. त्यात तूपण नाहीस."

चुनयानने खिडकी लावली. जुन्या चाकरीवरून कोणी काढून टाकावं तसं तिला झालं. हातांना काही काम उरलं नव्हतं. समोर काय बोलणं चाललं असेल ते ती मनात जुळवू लागली, दादाचं वाक्य, बाओलोचं उत्तर, दोन्हींच्या कडा घासून. आणि मग तिच्या लक्षात आलं की यातलं काहीही कोणाला नेऊन द्यायचं नाहीये.

शेवया फुगत चालल्या होत्या. जिनफनने दोनदा गरम रस्सा घातला. तिसऱ्यांदा घालायला उठली तेव्हा जिन्यावर पावलं ऐकू आली आणि ती डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली. पावलं एकट्याची नव्हती.

आधी बाओलो आला. तो कोणाकडे न बघता रिकाम्या वाटीसमोरच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, शेवया उरल्यात का?" त्याच्या मागून तशंग. त्याच्या पायांत सपाता नव्हत्या. काळेकुळकुळीत नवे कोरे बूट होते, नाड्यांना अजून दुकानातली घडी होती. शूनिंगने ते पाहिलं आणि विचारायला तोंड उघडलं. आईने तिच्या वाटीत बदकाची जीभ टाकली.

"फान काका," तशंग बसत म्हणाला, "रविवारी प्रभुभोजनाआधी मला बोलायचंय. तिथेच उभं राहून."

"काय बोलणार?"

"की मी गेलो नव्हतो. पहिली पायरी मी केलीच नव्हती."

"लोकांपुढे?" जिनफन म्हणाली. "ज्येष्ठ माणसाने?"

"नको रे दादा," बाओलो वाटीत बघत म्हणाला. "आपल्यातलं आपल्यात झालं. कशाला?"

"तुझं नाव आपल्यातल्या आपल्यात वाचलं होतं का मी?"

फान काकांना खोकला आला. या वेळी तो खरा असावा, कारण त्यांनी पाणी मागितलं. बाओलोने ते ओतून दिलं आणि मूर्तीचं काय करायचं, ग्वांगतुंगच्या गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, यावर बोलणं वळलं. ताईला पाठवू या, असं बाओलो सवयीने म्हणून गेला आणि मग स्वतःच हसला. तशंगही हसला, पण जरा उशिरा.

चुनयान आईला वाढायला वाकली. आईने तिचं मनगट धरलं आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "काय बोलले गं दोघं?"

सवयीने चुनयानच्या तोंडाशी एक वाक्य आलंच. चांगलं होतं, आईला ते आवडलं असतं. तिने ते गिळलं.

"मला नाही माहीत, आई."

"तुलापण नाही?"

"नाही."

आईने तिचं मनगट सोडलं आणि काड्या उचलल्या. "मग रविवारी मला लवकर उठव, भाकर घ्यायचीय," ती म्हणाली आणि शेवयांचं टोक तोंडात धरून ती न तोडता ओढू लागली.